विहिरीचा झाला हौद

ताई, नमस्कार. माझा प्रश्न नोकरीचा नाही, लग्नाचाही नाही (घरच्यांना तोच हवा होता), सिनेमाचा आहे. मी २६ वर्षांचा. हिंजवडीत नोकरी करतो आणि तीन वर्षं जपानी शिकतोय, एन-थ्री परीक्षा झाली आहे. दर शनिवारी आम्ही सहाजण माझ्या फ्लॅटवर पिक्चर बघतो, निवड आळीपाळीने. मागच्या पाळीला मी १९९८चा जपानी 'रिंगू' लावला, तोच, शापित कॅसेट बघितली की सात दिवसांत मरण येतं तो. संपल्यावर सन्नाटा. एकाने तर निघताना टीव्हीवर टॉवेल टाकायला लावला. मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर. म्हटलं, हे काहीच नाही, दुसरा भाग याहून भारी आहे. मी तो पाहिलेला नव्हता. परवा पुन्हा माझी पाळी आली आणि 'रिंगू २' लावला. अर्ध्या तासात सगळ्यांचे फोन बाहेर. शेवटी पोहण्याच्या तलावातला तो प्रयोग सुरू झाला तेव्हा एकजण ओरडला, "अरे, हा तर टिळक टँक!" त्यानंतर कोणी थांबेचना. आता ग्रुपवर माझं नाव 'जलतरण' आहे. एक मैत्रीण म्हणाली, "मला त्यातला एक सीन खरंच आवडला," पण मी एवढा वैतागलो होतो की कुठला ते विचारलंही नाही. पहिला खरंच चांगला होता की मलाच उगाच वाटला? पुढचे भाग बघू का? आणि पुढच्या पाळीला काय लावू म्हणजे गेलेली इज्जत परत येईल? मला अरे-तुरे केलंत तरी चालेल.
— जलतरण, पुणे

अरे जलतरण,

नाव छान आहे, ठेवून घे.

आधी तुझा गुन्हा नेमका कोणता ते ठरवू. वाईट सिनेमा दाखवणं हा काही गुन्हा नाही, तो सगळ्यांच्या हातून घडतो. न पाहिलेल्या सिनेमाची तू छातीठोक हमी दिलीस, तिथे चुकलं. मुलाचं तोंडही न बघता "अगदी हिरा आहे हो" म्हणून स्थळ सुचवणाऱ्या मावश्या असतात ना, त्यांच्या पंगतीत जाऊन बसलास. तेव्हा पहिलं काम सोपं आहे. ग्रुपवर एक ओळ टाक: "मी तो आधी बघितलाच नव्हता." दोन दिवस चेष्टा वाढेल, मग आपोआप विझेल. "तुम्हाला जपानी सिनेमाचा संथपणाच कळत नाही" असा बचाव करत बसलास, तर दिवाळीपर्यंत जलतरण राहशील.

आता तुझा पहिला प्रश्न. तो वाचून मला जरा वाईट वाटलं. एका शनिवारी पाच माणसं हसली म्हणून आधीच्या वेळी स्वतःला फुटलेला घाम तू नाकारायला निघालास? टॉवेल टाकायला लावणारा तुझा मित्र काही नाटक करत नव्हता. पहिला 'रिंगू' उत्तम आहे. फक्त तुम्ही नक्की कशाला घाबरलात ते एकदा नीट बघू, कारण दुसऱ्याचं गाडं कुठे अडलं ते त्यातूनच कळेल.

सगळ्यांना आठवते ती टीव्हीच्या काचेतून बाहेर सरपटत येणारी सादाको, विहिरीत ढकललेल्या मुलीचं भूत. तो प्रसंग झकासच आहे. रिए इनो नावाच्या नटीला उलटं चालायला लावलं आणि ती फिल्म उलटी फिरवली. म्हणून ती चालते माणसासारखीच, पण प्रत्येक पावलाला काहीतरी खटकत राहतं. पण हा प्रसंग येतो कधी ते आठव. त्याआधी कॅसेटचा छडा लावणारी बातमीदार रेइको आणि तिचा घटस्फोटित नवरा र्‍युजी यांनी इझूमधल्या त्या विहिरीत उतरून बादल्यांनी पाणी उपसलेलं असतं. सादाकोचा सांगाडा सापडतो, रेइको त्याला कुशीत घेते, तिची सात दिवसांची मुदत टळून जाते. आपण सुटकेचा श्वास टाकतो. भुताच्या गोष्टी ऐकतच मोठे झालेले आपण. अस्थी मिळाल्या, मार्गी लावल्या, जीव सुटला, गोष्ट संपली, हे आपल्या अंगात भिनलेलं आहे. आणि दुसऱ्या दिवशी र्‍युजीच्या घरातला टीव्ही आपोआप सुरू होतो.

म्हणजे अस्थींचा काही उपयोग नव्हता. रेइको वाचली कारण तिने त्या कॅसेटची नक्कल करून र्‍युजीला दाखवली होती. नक्कल करायची, दुसऱ्याला दाखवायची, की आपण सुटलो. हे तिच्या ध्यानात येतं तेव्हा तिच्या लहान मुलाची, योइचीची, मुदत चालू असते. शेवटचं दृश्य काय आहे? व्हीसीआर गाडीत टाकून ती वडिलांच्या घरी निघाली आहे. आधी फोन करून सांगते, योइचीसाठी तुमच्याकडे एक काम आहे. रस्ता मोकळा, दिवस उजेडाचा, भुताचा मागमूस नाही. लेक बापाकडे निघाली आहे, बस. मला विचारशील तर सादाकोच्या केसांपेक्षा मला ती गाडी जास्त छळते. तुमच्यात त्या रात्री "तू कोणाला दाखवली असतीस?" अशी चर्चा झाली असणार. झाली नसेल तर घडवून आण. दोन मैत्र्या मोडतील, पण मजा येईल.

हा नियम कोजी सुझुकी या लेखकाच्या १९९१च्या कादंबरीतून आला. तिथे बातमीदार पुरुष आहे. हिरोशी ताकाहाशीने पटकथा लिहिताना आणि हिदेओ नाकातानं दिग्दर्शन करताना त्याची घटस्फोटित, एकट्याने मूल वाढवणारी बाई केली. तेवढ्या एका बदलाने शेवटच्या गाडीचं वजन केवढं वाढलं बघ.

आणि कॅसेटचं म्हणशील तर तुझ्या वयाच्या मुलांना एक गोष्ट पुरती कळणार नाही. आम्ही ती वस्तू हातात घेतलेली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचा, सोबत चार कॅसेट, आणि सकाळी परत करायच्या म्हणून रात्रभर जागून चारही संपवायच्या. चौथीला सगळे घोरत असायचे. मी अशा कितीतरी चौथ्या कॅसेटचे शेवट आजवर पाहिलेले नाहीत. हेडला घाण धरली की चित्रावर पट्टे यायचे, मग स्पिरिटचा बोळा फिरवायचा. कॅसेट संपली की पडद्यावर मुंग्या. नकलेची नक्कल केलेली कॅसेट तर ओळखूच यायची. रंग उडालेले, माणसांच्या कडा हललेल्या, आवाज पाण्याखालून आल्यासारखा. आपल्याआधी ती कोणीतरी पाहिली आहे, त्याच्याआधी आणखी कोणीतरी, हे चित्रातच दिसायचं. 'रिंगू'मधली कॅसेट अशीच हातोहात फिरलेली वाटते. फुनाई ही व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी, तिने २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. सादाकोचं खरं श्राद्ध त्या वर्षी झालं म्हण.

आता दुसऱ्या भागाकडे येऊ. त्याआधी एक गंमत सांगते, ती शनिवारी तुझ्या कामाला येईल. तू लावलास तो दुसरा भाग मुळात दुसरा दुसरा भाग आहे. पहिला दुसरा भाग 'रासेन'. तुला जपानी येतं, म्हणजे अर्थ माहीत असेलच: मळसूत्र, गोल गोल फिरत वर जाणारी रेघ. ३१ जानेवारी १९९८ला जपानमध्ये 'रिंगू' आणि 'रासेन' एकाच दिवशी, एकाला जोडून दाखवले गेले. 'रासेन' सुझुकीच्या पुढच्या कादंबरीवरचा, दिग्दर्शक जोजी इइदा. त्यात र्‍युजीच्या प्रेताची तपासणी करणारा डॉक्टर नायक आहे, मूल गमावलेला, आणि शाप म्हणजे देवीच्या रोगासारखा एक विषाणू निघतो. लोकांनी 'रिंगू' डोक्यावर घेतला आणि 'रासेन'कडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग निर्मात्यांनी काय करावं? 'रासेन' झालाच नव्हता असं धरून चालले, आणि नाकाता-ताकाहाशी जोडीकडून नवा दुसरा भाग करून घेतला. तो २३ जानेवारी १९९९ला लागला, पहिल्याला वर्ष व्हायच्या आत. तुझ्या तक्रारीचं अर्धं उत्तर या तारखांत आहे. घाईत केलेल्या पुरणपोळीसारखं झालंय ते. कड फुटलेली, पुरण बाहेर.

अर्धंच म्हणते आहे, कारण लेखक-दिग्दर्शक तेच आहेत. बाहेरच्यांनी बिघडवलं म्हणायची सोय नाही.

सुरुवात मात्र काय जबरदस्त आहे! विहिरीतून काढलेला देह पोलिसांकडे असतो. तपासणीअंती कळतं की सादाको विहिरीत ढकलली गेली तेव्हा मेली नव्हती. झाकण लावलेल्या त्या विहिरीत ती तीसेक वर्षं जिवंत होती. मेली ती अगदी अलीकडे. हे वाक्य ऐकलं तेव्हा माझा चहा हातात तसाच राहिला. तीस वर्षं! या एका ओळीवर अख्खा सिनेमा उभा राहिला असता. तिच्या कवटीवरून चेहरा घडवतात, तोही प्रसंग चांगला आहे. पण पुढे ही तीस वर्षं कोणी मनावर घेत नाही. सरकारी कार्यालयात फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते तशी ती माहिती पुढे सरकते.

मग येतात डॉक्टर कावाजिरी आणि त्यांची यंत्रं. इथून तुझ्या मित्रांचे फोन निघाले असणार. शाप म्हणजे एक प्रकारची ऊर्जा, ती योइचीच्या अंगात साठली आहे, पाण्यात सोडून देता येईल... एकदा भुताचं असं वायरिंग समजावून सांगायला लागलं की प्रेक्षक इलेक्ट्रिशियनच्या नजरेने बघू लागतो. अर्थिंग कुठाय, एवढंच सुचतं.

यात एक अन्यायही आहे. सादाकोच्या आईची, शिझुकोची, गोष्ट हवेतून आलेली नाही. टोकियोच्या शाही विद्यापीठात तोमोकिची फुकुराई नावाचे मानसशास्त्राचे अभ्यासक होते. कुमामोतोच्या चिझुको मिफुने नावाच्या तरुणीला बंद वस्तूंच्या आतलं दिसतं असा त्यांचा दावा होता. १९१०मध्ये विद्वानांसमोर तिचे प्रयोग झाले, संशय घेतला गेला, वर्तमानपत्रांनी धारेवर धरलं. १९११च्या जानेवारीत तिने विष घेतलं. फुकुराईंनी पुढे ज्या बायकांवर प्रयोग केले त्यांतल्या एकीचं नाव सादाकोच होतं, सादाको ताकाहाशी. पहिल्या सिनेमात शिझुकोचा प्रयोग चालू असताना पत्रकार उठून ओरडायला लागतात, तिथे हा सगळा इतिहास श्वास घेतो. चारचौघांसमोर एका बाईची परीक्षा, आणि ती अपमानित होताना बघणारी तिची मुलगी. दुसऱ्या भागात त्याच परंपरेतला डॉक्टर येतो आणि त्याच्याकडे असतात फक्त इलेक्ट्रोड. माणसं हसतील नाहीतर काय करतील.

आता तलाव. तुला एक ओळ नक्की आठवत असेल, भाषेचा विद्यार्थी आहेस. कॅसेटमध्ये एक आवाज घोगरं काहीतरी म्हणतो: "शोमोन बाक्कारी..." तुझ्या नेहमीच्या शब्दकोशात हा 'शोमोन' मिळणार नाही, कारण ती ओशिमा बेटावरची बोली आहे. अर्थ एवढाच, की सारखा पाण्यात खेळत राहिलास तर भूत येईल. म्हणजे मूळ धमकी किती घरगुती आहे बघ! कोकणात आजी पोराला विहिरीच्या कठड्यावरून ओढून आणताना हेच बोलते, फक्त भुताचं नाव वेगळं. पहिल्या सिनेमात ही ओळ कुजबुजीसारखी येते आणि जाते. पाणी भरपूर आहे त्यात: समुद्र, पाऊस, विहिरीतला तो हिरवट चिखल. पण कोणी बोट दाखवत नाही. दुसऱ्या भागाने काय केलं, तर त्या कुजबुजीचा शब्दशः हौद बांधला. पाण्याशी खेळलं की भूत येतं ना? मग घ्या, तलाव भरा, वायरी सोडा, मुलाला काठावर बसवा, बोलवा भूत. विहीर भीतिदायक का असते? ती अरुंद असते, खाली काय आहे ते दिसत नाही आणि वर फक्त एक गोल उजेड. जपान्यांना हे फार आधीपासून माहीत आहे. थाळ्या मोजणाऱ्या ओकिकूच्या भुताची विहीर हिमेजीच्या किल्ल्यात आजही दाखवतात. पोहण्याच्या तलावात यातलं काही नाही. तळाच्या फरश्या मोजता येतात. तुझ्या मित्राने टिळक टँक म्हटलं ती नुसती टवाळी नव्हती रे, चोख समीक्षा होती.

आणि तरीही मी हा सिनेमा पूर्ण टाकून देणार नाही. त्यात दोन जागा अशा आहेत की तिथे लेखकाला स्वतःचाच नियम आठवतो.

एक शेवटाकडची. र्‍युजीची विद्यार्थिनी माई आणि योइची तलावातून थेट जुन्या विहिरीत पोचतात, दोरीला धरून वर चढायला लागतात, आणि खालून सादाको पालीसारखी सरसर चढून येते. चेहरा मातीने लिंपल्यासारखा. ती काही करत नाही. फक्त विचारते, तूच एकटी का वाचतेस? आणि खाली पडते. तीस वर्षं आत राहिलेल्या मुलीचा प्रश्न आहे तो. तेवढे काही क्षण सिनेमा पुन्हा पहिल्याच्या तोडीचा होतो.

दुसरी जागा मधली. ओकाझाकी नावाचा बातमीदार कॅसेटच्या शोधात असतो. कानाए नावाची शाळकरी मुलगी त्याला कॅसेट मिळवून देते, पण त्या भरात तिने स्वतः ती पाहिलेली असते. ती त्याला विनवते, तुम्ही माझी नक्कल बघा, म्हणजे मी सुटेन. तो हो म्हणतो. अगदी सहज, आपण "बघतो, करतो" म्हणतो ना, तसं. आणि घाबरून कॅसेट टेबलाच्या खणात टाकून देतो. मुलगी मरते. मग तो तिच्या मुलाखतीचं चित्रण पुसायला बसतो, आणि पडद्यावर मान खाली घालून बसलेली ती मुलगी डोकं हलवायला लागते. हलवतच राहते, केस तोंडावर, आणि चित्रण काही पुसलं जात नाही.

ना यंत्र, ना तलाव. एका मोठ्या माणसाने एका मुलीला दिलेला शब्द, आणि एक खण. रेइकोने बापाला कॅसेट दाखवायला नेली. ओकाझाकीने दुसऱ्याचं संकट अंगावर घ्यायचं कबूल केलं आणि ऐनवेळी अंग काढून घेतलं. पहिल्या सिनेमाने विचारलं, वाचण्यासाठी तू कोणाला बळी देशील? त्यापुढचा प्रश्न हाच होता, की दुसऱ्याला वाचवायला तू स्वतः ती कॅसेट बघशील का? खरा दुसरा भाग इथे, या खणात पडून होता. तो काढायचा सोडून मंडळी हौद भरायला गेली.

म्हणून वैतागून तू ज्याला कचरा म्हणतोस त्यात एक ऐवज आहे. काल मी ती दहा मिनिटं पुन्हा काढून पाहिली, खात्री करायला. अजून चावतात.

पुढच्या भागांचं पटकन उरकते. २०००चा 'रिंगू ०', नोरिओ त्सुरुताचा, बघ. एकटा बघ, शनिवारी लावू नकोस. भूत होण्याआधीची सादाको, टोकियोतल्या एका नाटक मंडळीत नवी आलेली, बुजरी, प्रेमात पडलेली मुलगी. युकिए नाकामाने फार सुंदर केली आहे. भीती कमी आहे, पण शेवटाकडे विहीर येते तेव्हा तिला तिथे जाऊ नकोस म्हणावंसं वाटतं, आणि तिला तिथे जावं लागणार हे आपल्याला ठाऊक असतं. भीतीच्या अपेक्षेने बसलेल्या पाचजणांसमोर लावशील तर पुन्हा फोन निघतील आणि या वेळी ते चुकीचे असतील.

त्यानंतर घसरगुंडी. २०१२च्या 'सादाको ३डी'त कॅसेट जाऊन इंटरनेटवरचा व्हिडिओ आला, आणि एकीच्या जागी सादाकोंची फौज. त्याच वर्षी जाहिरातीसाठी पांढऱ्या कपड्यांतल्या, केस मोकळे सोडलेल्या सादाकोने टोकियो डोममध्ये बेसबॉलच्या सामन्याचा सुरुवातीचा चेंडू टाकला. एकदा भुताने मैदानात येऊन चेंडू टाकला की मग त्याला घाबरायचं कसं? आणि मुदत बघ कशी आटत गेली. पहिल्यात सात दिवस. २०१६च्या 'सादाको विरुद्ध कायाको'त दोन दिवस (हा मात्र चहा-भजी घेऊन सगळ्यांनी मिळून बघण्याजोगा, तो कसला आवच आणत नाही). २०२२च्या 'सादाको डीएक्स'मध्ये चोवीस तास. सात दिवसांत माणूस आठवडाभर झुरतो, सोमवार-मंगळवार मोजतो, ऑफिसला जातो, मुलाचा डबा भरतो, आणि आत घड्याळ चालू असतं. चोवीस तासांत नुसती पळापळ होते. मध्ये २०१९ला नाकाता स्वतः परत आला, पण पाणी निवळलं नाही. त्याआधी २००५मध्ये त्याने 'रिंगू'वरून निघालेल्या अमेरिकन मालिकेचाही दुसरा भाग केला होता, आणि तिथेही निराशाच. एकाच विहिरीत माणूस दोनदा पडला, असं म्हणायला हरकत नाही.

आता तुझा खरा प्रश्न. पुढच्या पाळीला काय?

मालिकेच्या बाहेर जा. नाकाताचाच २००२चा सिनेमा आहे, मूळ कथा पुन्हा सुझुकीचीच. इंग्रजीत 'डार्क वॉटर' म्हणतात. मूळ जपानी नाव लांबलचक आहे, 'होनोगुराई मिझू नो सोको कारा', त्याचा अर्थ तू लाव, तेवढाच अभ्यास होईल. घटस्फोटाचा खटला चालू असलेली एक बाई, तिची पाच-सहा वर्षांची मुलगी, आणि स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला एका जुनाट इमारतीतला फ्लॅट. मुलीचा ताबा आपल्याला मिळावा म्हणून तिला घर, नोकरी, डोकं सगळं जागेवर आहे असं दाखवायचं आहे. आणि छताला ओल येते आहे.

बस, एवढंच. ओल. आधी बशीएवढी, मग ताटाएवढी. ती केअरटेकरला सांगते, तो "बघू" म्हणतो. वरच्या मजल्यावर कोणी राहत नाही म्हणतो. नळाच्या पाण्यात केस येतो. गच्चीवर पाण्याची टाकी आहे. एक लाल पिशवी आहे, लहान मुलीची, टाकून दिली तरी परत येणारी. याहून जास्त सांगत नाही.

तुझ्या सहाजणांपैकी किमान चौघे भाड्याने राहत असतील. त्यातल्या निदान दोघांच्या बाथरूमच्या छताचा रंग फुगलेला असेल, आणि वरच्या मजल्याशी किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीशी त्यांचं भांडण चालू असेल. त्यांना भूत समजावून सांगावं लागणार नाही. तलाव भरून जे जमलं नाही ते इथे एका डागाने जमतं. आणि पहिल्या 'रिंगू'तली ती गाडी, मुलासाठी आई कुठवर जाईल हा प्रश्न, तोही इथे येतो, पण फिरून, भलत्याच बाजूने. माझ्या हिशेबात 'रिंगू'चा दुसरा भाग हाच, नावात रिंग नसली तरी.

काही अटी मात्र पाळ. आधी एकटा पूर्ण बघ. ही अट मोडलीस तर मला पुन्हा लिहू नकोस. हमी देऊ नकोस, "नाकाताचा सर्वोत्तम" वगैरे काही बोलू नकोस. "पाण्याच्या गळतीवरचा पिक्चर आहे" एवढंच सांग. जलतरण म्हणून हसतीलच, हसू दे, उलट बरंच, हसत बसलेला माणूस लवकर सापडतो. शक्यतो पावसाळ्यात लाव. फोनचं सक्तीने काही करू नकोस. चांगला असला तर फोन आपोआप मांडीवर पालथे पडतात.

आणि हे सगळं करण्याआधी, शनिवारची वाट न बघता, त्या मैत्रिणीला फोन कर. बाकी सगळे हसत असताना "मला एक सीन आवडला" म्हणणं सोपं नव्हतं, आणि तू तिला ओकाझाकीसारखं खणात टाकून दिलंस. कुठला सीन, ते विचार. माझी पैज कानाएवर. हरले तर मला जरूर कळव, म्हणजे ती विहिरीतल्या प्रश्नाबद्दल बोलत होती असं समजेन. आणि ती जर तलावच म्हणाली, तर मात्र मला आणखी एक पत्र लिही, तो विषय वेगळा आहे.